सासरेबुवांचं शंटिंग

मुळात मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की यापुढे आपली आगगाडी गोल गोल फिरवायची नाही.

आता यात कुणाचं काही बिघडेल असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटलं नव्हतं. आमच्या घरातल्या मागच्या छोट्या खोलीत, प्लायवुडच्या एका बोर्डावर, माझी लहानशी रेल्वे आहे. (लहानशी म्हणजे इंजिन माझ्या तळहातावर मावतं. बायकोच्या मते बाकीची सगळी रेल्वे तिच्या डोक्यावर बसलेली आहे.) रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी गाडी चालू करायचो आणि ती बिचारी लंबगोल रुळांवरून फिरत राहायची. मी चहा पीत तिच्याकडे बघायचो. चहा संपला की गाडी बंद. चारचौघांसारखा सुखी माणूस होतो.

मग एका मासिकात मी एक लेख वाचला. त्या लेखकाने पहिल्याच परिच्छेदात मला फैलावर घेतलं. त्याचं म्हणणं, गोल फिरणारी गाडी म्हणजे निव्वळ खेळणं. खऱ्या रेल्वेला काम असतं. इथला भरलेला डबा तिथल्या कारखान्यात ढकलायचा, तिथला रिकामा डबा ओढून आणायचा. मध्येच तिसरा डबा आडवा येतो. तो आधी जोडून घ्यायचा, आपलं काम उरकायचं आणि मग तो होता तिथे नेऊन ठेवायचा. याला म्हणतात शंटिंग. आणि तेही खऱ्यासारखं करायचं, म्हणजे सावकाश. डबा जोडला की ब्रेक तपासायला माणूस चालत मागे जातो, तो परत येईपर्यंत गाडी हलवायची नाही. आता आपल्या बोर्डावर असा माणूस अर्थात नसतोच, पण नसलेल्या माणसालाही चालायला वेळ लागतो, असं लेखकाने बजावलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला गहिवरून आलं. मी ज्या ऑफिसात कारकून आहे तिथे आम्ही दुसरं काय करतो? माणूस माझ्या खिडकीवर येतो. मी त्याला पलीकडच्या खिडकीवर ढकलतो. तिथून तो वरच्या मजल्यावर जातो. वरचे साहेब जागेवर नसतात, म्हणून त्याला जिन्याखालच्या बाकावर लावून ठेवतात, आणि संध्याकाळी तो निमूटपणे माझ्या खिडकीवर परत येतो. इतकी वर्षं मी हे पगारासाठी करत होतो. याचा छंदही करता येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

झालं. मी लंबगोल उखडला आणि त्या जागी यार्ड केलं. बुटाच्या खोक्याचा कारखाना, काडेपेट्यांचं गोदाम, दोन सायडिंग, म्हणजे डबे बाजूला लावून ठेवायच्या लाईनी, आणि एक लूप, म्हणजे मुख्य लाईनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणारी लाईन. पहिल्याच दिवशी बायको दारात येऊन उभी राहिली.

"हा डबा कारखान्यात न्यायचाय ना?"

"हो."

"मग न्या की."

"थांब गं. ब्रेक तपासणारा गेलाय."

"कुठे गेलाय?"

"गाडीच्या मागे."

तिने वाकून पाहिलं. "मागे कुणी नाहीये."

"म्हणजे परत यायला निघाला असेल."

तिने हात लांब केला, दोन बोटांनी डबा उचलला, कारखान्यासमोर ठेवला आणि फोडणी करपेल म्हणून निघून गेली. मी सुन्न झालो. अहो, डबा हवेतून! मी तो परत जागेवर आणला आणि रीतसर नेला. जेवण गार झालं, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

असे सुखाचे दिवस चालले असताना बायकोने तिची बातमी सांगितली. ती घरी शिवणकाम करते. आजवर शेजारपाजारचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे एवढंच. आता जवळच्या एका शाळेच्या मोठ्या बाई तिला अख्ख्या शाळेचे गणवेश शिवायला देणार होत्या. मात्र त्यांची एक अट होती. रविवारी पाच वाजता त्या स्वतः येऊन कामाची जागा बघणार होत्या आणि मगच काम द्यायचं की नाही ते ठरवणार होत्या.

"मला मागची खोली हवी आहे," बायको म्हणाली. "हॉलच्या कोपऱ्यात अंग चोरून किती दिवस शिवू? एकदा तरी नीट काम करून बघायचंय मला." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ती सहसा रडणाऱ्यांपैकी नाही, रडवणाऱ्यांपैकी आहे. मला फार वाईट वाटलं.

"आणि माझी रेल्वे?" मी विचारलं. (वाईट वाटत होतंच, पण माणूस हळूहळूच सुधारतो.)

"सुटी करून माळ्यावर."

मी वाटाघाटी केल्या. तिचं सगळं सामान मी एकट्याने मागच्या खोलीत हलवून द्यायचं, ते पाचच्या आत लावून दाखवायचं, आणि बदल्यात माझा बोर्ड त्या खोलीतल्या एका भिंतीला टेकून उभा राहणार. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं.

"नेहमीसारखं हलवणार ना? माणसं हलवतात तसं?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. हे उत्तर मी मुद्दामच मोघम ठेवलं होतं.

कारण सामानाकडे पाहताच माझ्या लक्षात आलं होतं, की प्रत्येक वस्तूला चाकं आहेत! कापडाच्या कपाटाला खाली चार चाकं. पायमशीनच्या स्टँडला चाकं. आणि आमच्या घराची रचना तर यार्डालाही लाजवील अशी. हॉलमधून एक अरुंद बोळ निघतो. त्याच्या एका अंगाला बाथरूम, म्हणजे सायडिंग. दुसऱ्या अंगाला बेडरूम, तिचं एक दार बोळात आणि एक हॉलमध्ये, म्हणजे साक्षात लूप. (त्या लूपवर आमचा डबल बेड कायमचा उभा होता, त्यामुळे ती लाईन बंद धरायची.) आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. पुढे रस्ता नाही, फक्त गजांची खिडकी. इंजिनाच्या जागी मी.

राहता राहिले सासरेबुवा.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते आमच्याकडे राहतात. मागच्या खोलीच्या दारातच त्यांची खुर्ची असते, कारण तिथे वारा छान येतो. ही खुर्चीसुद्धा चाकांची. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या ऑफिसने त्यांना त्यांचीच खुर्ची भेट दिली होती. परत येऊ नका, हे याहून सभ्यपणे सांगता येत नाही. गुडघा आता ठणठणीत आहे. स्वभाव मात्र कुठल्याच डॉक्टरने हातात घेतला नाही. मासिकात स्पष्ट म्हटलं होतं, की ज्वालाग्राही मालाचा डबा इंजिनाला लागून कधीही जोडू नये, मध्ये दुसरा डबा असावा. ते वाक्य वाचतानाच माझ्या डोळ्यांसमोर सासरेबुवा आले होते.

रविवारी जेवणं झाल्यावर मी शिट्टी गळ्यात अडकवली. बायकोच्या एका हातात हिरवा टॉवेल दिला, दुसऱ्या हातात लाल फडकं.

"हे कशाला?"

"कपाट ढकलताना मला पुढचं दिसत नाही. पुढे गार्ड लागतो. हिरवा दाखवलास की मी येणार."

"कपाट काय तेवीस डब्यांचं आहे?"

"नियम म्हणजे नियम."

काम तसं गुंतागुंतीचं होतं. खोलीत मशीन आधी जायला हवं, खिडकीपाशी. कपाट त्याच्या मागे. पण हॉलमध्ये कपाट पुढे होतं आणि मशीन मागे. (तुम्ही म्हणाल, बाजूने काढायचं मशीन. हॉलमध्ये चिक्कार जागा होती. पण रुळावरच्या डब्याला बाजूने काढता येतं का? विचार करून बोला.) म्हणून मी कपाट बोळात ढकललं, सायडिंगला लावायचं म्हणून बाथरूममध्ये घातलं, आणि ब्रेक तपासणाऱ्याची वाट बघत थांबलो.

"अहो, कपाट बाहेर काढा. मला तोंड धुवायचंय. बाई येतील."

"सायडिंग सध्या व्यापलेलं आहे."

"माझं तोंडही सध्या घामाने व्यापलेलं आहे. काढा!"

"हिरवा दाखव, काढतो."

तिने हिरवा टॉवेल माझ्या अंगावर फेकला. लाल फडकं जमिनीवर. "तुमच्या ऑफिसात लोक तुम्हाला मारत कसे नाहीत?" असं म्हणून ती स्वयंपाकघरातल्या नळावर तोंड धुवायला गेली आणि मग साडी बदलायला म्हणून तिने बेडरूमची दोन्ही दारं लावून घेतली. गार्डविना गाडी ढकलणं नियमात बसत नाही. पण ओढायला कुणाची बंदी नव्हती! ओढताना इंजिन पुढे असतं, समोरचं दिसतं. मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. इथून पुढचं सगळं मी एकट्याने केलं, हे मान्य करतो.

आधी खोलीच्या दारातला आडवा डबा हलवायचा होता. मी खाकरलो.

"बाबा, जरा खुर्ची मागे घेतो. तुम्ही उठायचं कारण नाही. तुम्हाला न उठवता हॉलमध्ये नेतो आणि न उठवता जागेवर परत आणतो."

सासरेबुवांनी वर्तमानपत्र खाली केलं. "शब्द देताय, जावईबापू?"

"शब्द."

"बघू," असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र वर केलं. मी खुर्ची ओढत हॉलपर्यंत आणली. मग मशीन पुढे काढलं, कपाट बाथरूममधून काढून त्याला दोरीने जोडलं आणि आडवा डबा जागच्या जागी परत नेण्यासाठी कपाटाच्या मागे खुर्ची बांधली. माझ्या आणि सासरेबुवांच्या मध्ये आता मशीन आणि कपाट. नियमाने मागितलं होतं त्याच्या दुप्पट अंतर. गाडी अशी काही सुबक दिसत होती, की मी क्षणभर मागे सरकून तिच्याकडे बघत राहिलो.

मग मी दोन शिट्ट्या दिल्या, दोरी खांद्यावर घेतली आणि ओढलं. गाडी हलली! बोळातून मी पुढे, मशीन मागे, त्यामागे कपाट, आणि शेवटी वर्तमानपत्र वाचत सासरेबुवा. मला धाप लागली होती, पण आनंद काय सांगू! मी मागच्या खोलीत शिरलो. मशीन उंबऱ्यावरून आत आलं. मी खिडकीला पाठ लावली आणि शेवटचा हिसका दिला. कपाट दारात आलं, त्याची पुढची दोन चाकं उंबऱ्याच्या आत उतरली, मागची दोन बाहेर राहिली, कपाट किंचित तिरकं झालं आणि चौकटीत घट्ट बसलं. मागून खुर्ची त्यावर येऊन टेकली.

मी चारी बाजूंना पाहिलं.

मागे खिडकीचे गज. बाजूला माझा बोर्ड. पुढे मशीन, त्यापुढे दारभर कपाट. कपाटाच्या पलीकडे सासरेबुवा आणि उरलेलं जग. मासिकाच्या त्या लेखात शेवटी एक चौकट होती, "नवशिक्याची सर्वांत ढोबळ चूक". टोकबंद लाईनमध्ये इंजिन पुढे घालून शिरू नये, नाहीतर आपल्याच डब्यांमागे इंजिन कोंडलं जातं. ती चौकट वाचताना मी खूप हसलो होतो.

मी कपाट ढकलून पाहिलं. पलीकडून खुर्चीचं चाक अडत होतं. "बाबा, जरा मागे सरकता का?"

"न उठवता हॉलमध्ये नेलंत," पलीकडून आवाज आला, "आणि न उठवता परत आणलंत. मी जागेवर आलोय. आता मी कशाला सरकू?"

मग बायकोच्या पायांचा आवाज आला. कपाट आणि चौकटीच्या फटीतून तिचा एक डोळा दिसला. डोळ्यात काजळ होतं आणि बाकी काही चांगलं नव्हतं.

"बाहेर या आधी."

"येता येत नाही. इंजिन अडकलंय."

"कुठलं इंजिन?"

"मी."

तिने डोळा मिटला. उघडला तेव्हा तो ओला होता. "पाच वाजलेत हो," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वाटली की मी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मोठ्या बाई आत आल्या. मला दिसत नव्हतं, पण आवाजावरूनच कळलं की या बाईंना आयुष्यात कुणी उलट उत्तर दिलेलं नाही. त्या हॉलमधून फिरल्याचं चपलांवरून समजत होतं. मग चपला थांबल्या.

"वा!" मोठ्या बाई म्हणाल्या.

मी कान टवकारले.

"मी आजवर चार ठिकाणं बघून आले. सगळीकडे नुसती कोंबाकोंबी. कपाटं काय, खुर्च्या काय! तुमची जागा किती मोकळी! हे टेबल कापायला मस्त. चारही बाजूंनी फिरता येतं. उजेड किती!"

"हो," बायको म्हणाली. तिचा आवाज जरा चाचरला, मग सावरला. "मुद्दामच मोकळी ठेवलीय. कामाच्या जागी पसारा नको वाटतो मला."

"मशीन कुठे आहे?"

मला घाम फुटला. इतका वेळ सगळं जमत आलं होतं आणि आता माझ्यामुळे बायकोचं काम हातचं जाणार. काहीतरी केलं पाहिजे! मशीन माझ्यासमोर होतं. मी त्याच्या चुकीच्या बाजूला होतो, म्हणजे सुई माझ्याकडे पाठ करून उभी होती, पण माझा एक पाय कसाबसा पायट्यापर्यंत पोचत होता. सुईखाली एक अर्धवट अभ्रा लावलेला होता. मी तो एका हाताने धरला आणि पाय मारायला सुरुवात केली. खटखट, खटखट, खटखट. मी जन्मात कधी मशीन चालवलं नव्हतं, पण लय बरी लागली.

"मशीन आत चालू आहे," बायको म्हणाली.

"मदतनीस ठेवलाय वाटतं?"

"हो... आहे एक."

"रविवारीसुद्धा काम करतो? कौतुक आहे. आणि हे आजोबा कोण?"

"मी शेवटचा डबा," सासरेबुवा म्हणाले.

मोठ्या बाईंनी ते वयावर घातलं असावं. त्यांनी बायकोने शिवलेला नमुन्याचा गणवेश पाहिला, कॉलर उलटीसुलटी केली, काजं ताणून बघितली. आणि मग ते वाक्य आलं, ज्यासाठी मी कपाटाला कान लावून उभा होतो.

"काम तुम्हाला दिलं. शिवण फार नीटस आहे. खाली गाडीत तागे आहेत, आजच ठेवून घ्या. आणि मशीन इथे बाहेरच लावा, या खिडकीशी. मागे अंधारात कशाला? अहो ड्रायव्हर, जरा वर या!"

मला इतका आनंद झाला की मी पाय मारतच राहिलो. बायकोला काम मिळालं होतं, तिची जागा हॉलमध्ये ठरली होती, म्हणजे मागची खोली माझीच! माझं शंटिंग शंभर टक्के यशस्वी! (फक्त सगळा माल चुकीच्या स्टेशनला गेला होता. पण रेल्वेत असं होतं.)

ड्रायव्हरने तागे टेबलावर ठेवले आणि तो बोळात आला. "आजोबा, जरा उठता का?"

"उठतो की," सासरेबुवा म्हणाले आणि टुणकन उठले. "दुपारपासून कुणी विचारलंच नाही."

मग खुर्ची बाजूला झाली. दोरी सुटली. कपाट एका अंगाला कललं आणि बाहेर गेलं. ड्रायव्हर आत आला, त्याने मला लवून नमस्कार केला आणि मशीन दोन्ही हातांनी उचलून चालू लागला. मी दिलदारपणे बाजूला झालो. म्हणजे व्हायला गेलो. पण माझा हात मशीनबरोबर निघाला. हाताबरोबर मी निघालो.

त्या गडबडीत मी माझ्या सदऱ्याची बाही अभ्र्याला शिवली होती. चांगली कोपरापर्यंत. अभ्रा सुईखाली, सुई मशीनमध्ये, मशीन ड्रायव्हरच्या हातात. थांबा म्हणावं तर बाई ऐकतील, म्हणून मी मुकाट्याने वाकून, एक हात पुढे करून, त्याच्यामागे बोळातून चालत हॉलमध्ये आलो. बायकोने मला पाहिलं आणि हातातला तागा तोंडासमोर धरला.

ड्रायव्हरने मशीन खिडकीशी ठेवलं. मीही ओघानेच खिडकीशी लागलो. मोठ्या बाई चष्मा लावून जवळ आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. माझी बाही हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"काय हे? एक टाका सरळ नाही. आणि सदऱ्याला अभ्रा?" त्या बायकोकडे वळल्या. "हे बघा, तुमचा हात सुरेख आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण हा माणूस तुमचं नाव घालवील. माझं ऐका, याला काढून टाका."

मी बायकोकडे आशेने पाहिलं. काही झालं तरी ती मला "अहो" म्हणणारी बाई, चारचौघांत कधी एकेरीवर आलेली नाही.

"मनात माझ्या खूप दिवसांपासून आहे, बाई," बायको म्हणाली. "पण याला दुसरीकडे कुणी ठेवून घेणार नाही."